सूत्र : शेळी

आमच्या गावात दोनच गोष्टींची कायमची टंचाई होती, पाण्याची आणि माहितीची. पहिली आभाळामुळे आणि दुसरी माझ्या थोरल्या काकांमुळे. सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या अंगाला आमचं गाव. बापाकडे थोडी हलकी जमीन आणि दावणीला शेळ्या-मेंढ्या. माणसांना पाणी लागतं तसं शेळ्यांनाही लागतं, आणि ते सगळं आडातून शेंदून माझ्या मायच्या डोक्यावरून यायचं. उन्हाळ्यात दोर इतका खोल जायचा की पोहरा वर येईपर्यंत माणूस चार वाक्यं बोलून मोकळं व्हायचं. मी घराण्यातली पहिली कॉलेजात गेलेली. हिंगोलीच्या बसची वेळ आणि पाण्याची वेळ एकच. त्यात मायची मान धरली. डॉक्टरनं डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दिवाळीपस्तोर मी वढते. पुढं तू कॉलेज करती का पानी भरती, ते तूच ठरव." ठरवण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

थोरले काका, म्हणजे बापाचे सख्खे मोठे भाऊ, दिल्लीत कुठल्याशा सरकारी कचेरीत नोकरी करून परतले होते. कचेरी कसली, हे काकीलासुद्धा माहीत नव्हतं. ते एवढंच म्हणत, "गुप्त खातं." गावानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. गुप्त खातं म्हणजे गुप्तधन शोधणारं खातं. मग कुणी अंधारात येऊन परसातली जागा दाखवायचं, कुणी विचारायचं, "काका, हंडा किती हात खाली असंल?" काकांनी कधीही 'नाही' म्हटलं नाही. "न्हाई म्हणणं ही बी एक माहितीच असती," असं त्यांचं शास्त्र. पाटलाच्या गोठ्यात त्यांच्या या गप्प बसण्याच्या भरवशावर दोन खड्डे खणले गेले. त्यातल्या एकात पुढे म्हैस पडली.

आपण काही शपथा घेतल्या आहेत आणि त्या पेन्शनीबरोबर संपत नाहीत, असं ते मानत. बाजारातून काय आणलं, हे पिशवी दिसत असतानाही ते सांगत नसत. तब्येत कशी आहे विचारलं तर म्हणत, "कोनाला कळवायचंय?" लोणच्याच्या बरणीला त्यांनी लाखेचं सील लावलं, तेव्हा काकी अंगणात उभी राहून गावाला ऐकू जाईल असं बोलली, "म्या चाळीस वर्षं ह्या मानसाच्या ताटात वाढून राहिले, आन् आता कैरीच्या फोडीला दिल्लीची परवानगी!" काकांनी सील तोडलं नाही. काकीनं दुसरी बरणी घातली. पुढे हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाला, तेव्हाही ते बरीच वर्षं पत्त्यात परभणीच लिहीत राहिले. जिल्हा बदलल्याचा आपल्याला कागद आलेला नाही, म्हणून.

सगळ्यात मोठा नियम म्हणजे प्रत्येक खबरेला मालक असतो. ज्यानं खबर दिली त्याला विचारल्याशिवाय ती पुढे द्यायची नाही. नर्सीच्या बाजारात त्यांना माझी आत्या भेटली आणि म्हणाली, परवा पोराचं जावळ आहे, जेवायला या. काका घरी आले, हातपाय धुतले, आणि गप्प बसले. कुणीच गेलं नाही. आत्या सहा महिने रुसली. काका म्हणाले, "'घरी सांग' असं ती साफ बोलली न्हाई. मी कोन पुढं सांगनार?"

आणि या नियमाचा मोठा भाऊ असा दुसरा नियम होता, देशाची माहिती देशाबाहेरच्या संस्थेला द्यायची नाही. संस्था कितीही चांगली असो. ओट्यावर बसून ते मला समजावत, "तिथं साऱ्या देशांची मानसं एका टेबलाभोवती बसत्यात. एकाला दिलं की साऱ्यांना दिलं. माहिती लेकीवानी असती. एकदा दिल्या घरी गेली की तिथं तिचं काय होतं, ते आपल्या हातात न्हाई. म्हून द्यायच्या आधी कायदा बघायचा." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की आमच्या ओट्यावर रोज जगातले देश माहिती मागायला रांग लावून उभे आहेत असं वाटावं.

आणि एक दिवस खरंच आले. बऱ्याच देशांनी मिळून चालवलेली एक संस्था दुष्काळी गावांत खोल बोअर, टाकी आणि नळ करून देत होती. एक गोरी बाई आणि तिच्यासोबत पुण्याचे एक साहेब जीपमधून उतरले. साहेबांनी समोरच बसलेल्या काकांना विचारलं, "बाबा, गावात आड किती?"

काका आडाच्या कठड्यावर बसले होते. ते म्हणाले, "आड हाय, असं मी म्हनत न्हाई. आन् न्हाई, असं बी म्हनत न्हाई."

साहेबांनी कठड्याकडे पाहिलं, बाईनं साहेबांकडे पाहिलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण संस्थेला हवी होती गेल्या काही वर्षांची पाण्याची पातळी. कागदावर पुरावा असलेली गावं यादीत वर जाणार होती. सरपंच म्हणाले, "हाय ना! काकांपाशी वही हाय." ते खरं होतं. अकरा वर्षं रोज सकाळी आडात दोर किती हात गेला, हे काका वहीत लिहीत. काहून लिहिता, म्हणून विचारायची सोय नव्हती. साहेबांनी वही मागितली. काका उठून घरात गेले आणि आतून कडी लावली. साहेब जाताना म्हणाले, आठ दिवसांनी शेवटची फेरी आहे.

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. शासकीय गुपितांचा कायदा मागितला, तेव्हा ग्रंथपालांनी मला चष्म्यावरून नीट न्याहाळून घेतलं. डिक्शनरी घेऊन तीन दिवस वाचला. लष्कराची ठिकाणं, सांकेतिक लिपी, नकाशे, शत्रूच्या कामी येईल अशी माहिती, सगळं होतं. आमचा आड कुठंच नव्हता. घरी येऊन काकांना म्हटलं, "आपल्या आडाचं पाणी कळलं म्हणून कोणता शत्रू सेनगाववर चालून येणार आहे?"

"लिहून दे."

मी लिहून दिलं, खाली सही केली आणि सहीखाली 'बी.ए. भाग एक' असं घातलं. काकांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "बराबर हाय. कायदा आडवा येत न्हाई." मग मान हलवून म्हणाले, "पन सूत्राची परवानगी पायजे. खबर माझी न्हाई. मला कोनीतरी दिली."

"कुणी?"

"सूत्राचं नाव सांगत नसत्यात."

हे सूत्र कोण, ते आमच्या घरातल्या कोंबडीलाही माहीत होतं. काकांना गुडघ्यांमुळे दोर ओढता येत नसे. आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत. माय रोज पाणी घेऊन यायची आणि आकडा सांगायची. पण काका तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्यापुढे भावजय बोलत नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. म्हणून ती दावणीच्या शेळीला सांगायची, "शेळे, आज दोर एकोनीस हात गेला गं." आणि भिंतीपलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज यायचा.

मी मायला म्हटलं, तू परवानगी दे. ती पदर ओढून म्हणाली, "मी कशी बोलू? जलमात बोलले न्हाई." शेळीमार्फत पाठव म्हटलं, तर काकांनी भिंतीपलीकडून खाकरून कळवलं की परवानगी मूळ मालकाच्या तोंडूनच लागते.

आठव्या दिवशी जीप आली. ओट्यावर गाव जमलं. साहेब पुन्हा समजावू लागले. शेवटी काकांनी वही मांडीवर घेतली आणि रकाने दाखवण्यापुरती उघडली. तारीख, दोर, सूत्र. साहेबांनी वाकून वाचलं.

"सूत्र : शेळी?"

"व्हय."

"बाबा, शेळीनं तुम्हाला पाण्याची पातळी सांगितली?"

"रोज. पन तिची परवानगी न्हाई. म्हून देता येत न्हाई."

साहेबांनी ते बाईला इंग्रजीत सांगितलं. बाईनं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा लिहिलं. लोक हसायला लागले. सरपंचांनी कपाळावर हात मारला. साहेब पेनाला टोपण लावून उठले.

तेवढ्यात आमच्या दारातून आवाज आला. माय उंबऱ्यावर पाठमोरी उभी होती, डोक्यावरून पदर, तोंड भिंतीकडे. म्हणाली, "शेळी मीच हाय."

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"दोर माझ्या हातानं गेला. आकडे माझे हाईत. मी देऊन राहिले. माझ्या पोरीला कॉलेजात जायचंय. द्या म्हनावं." मग थांबून तिनं 'म्हणावं' काढून टाकलं. "द्या, दादा."

काका उभे राहिले. गुडघे धरून, पण नीट उभे राहिले, कचेरीतल्या साहेबासमोर उभं राहावं तसे. "लिहून?" त्यांनी हळूच विचारलं. मी कागद पुढे केला. मायनं अंगठा उठवला. त्यानंतर अकरा वर्षांची वही एका परक्या संस्थेच्या हातात गेली. तिची झेरॉक्स काढून होईपर्यंत काका सेनगावात दुकानाच्या दारात उभे होते. एक पान जास्तीचं निघालं, ते त्यांनी मागून घेतलं.

पुढं एकदा मी विचारलं, काका, खरंच तुम्हाला एवढी कोणती गुपितं माहीत होती? आजूबाजूला कुणी नाही ना, हे त्यांनी पाहून घेतलं. मग म्हणाले, "मला इंग्रजी कुठं येती, पोरी? मी लाख लावत होतो, लिफाफ्यांना. आत काय हाय ते कधी कळलं न्हाई." आणि ताठ बसून, "पन माझ्या हातचा एक बी लिफाफा रस्त्यात फुटला न्हाई." त्या दिवशी त्यांनी स्वतःबद्दल पहिल्यांदा काही सांगितलं. घरी सांगू का, असं मी त्यांना विचारलं. ते "सांग" म्हणाले, म्हणून इथं लिहिते आहे.

काका गेल्यावर काकीनं ती वही मला दिली, लाखेचं सील लावलेली. मी ते तोडलं. नळ आला त्या दिवशीची नोंद आहे, 'सूत्र : शेळी. आज दोर गेला नाही.' त्यानंतर माय भिंतीपाशी येऊन शेळीशी बोलायची थांबली होती. काका मात्र रोज लिहीत राहिले होते, तारीख घालून, वही संपेपर्यंत, 'शेळी. खबर नाही.' 'शेळी. खबर नाही.'

नळ दिवाळीच्या आठ दिवस आधी आला. मी बी.ए. झाले.