अडल्यास फोन करा

वाशीमहून नोकरीसाठी पुण्यात येऊन मला सात-आठ महिने झाले होते. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खोली होती आणि कोथरूडच्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रामर होतो. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना कोणीतरी हाक मारली, मी "जेवून राहिलो ना" म्हणालो, आणि टेबलावरचे सगळे हसले. वाईट मनाने नव्हे. पण पुढे रोज "काय, काम करून राहिले का?" सुरू झालं, आणि मी बोलणंच कमी केलं. ऑफिसात ते खपून जायचं. रविवार मात्र अंगावर यायचा.

म्हणूनच बहुधा मी लिनक्सच्या, विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या सिस्टिमच्या, नादी लागलो. खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानातून सीडी आणली. तिच्या पाकिटात शहरातल्या हौशी मंडळींची एक झेरॉक्स चिठ्ठी होती: 'अडल्यास फोन करा. रविवारी सकाळी.' खाली नंबर.

डिस्कचे दोन भाग करायचे होते, एकात जुनं विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. चुकलं तर सगळंच पुसलं जाणार, म्हणून आधी महत्त्वाचं ते फ्लॉपीवर उतरवून घ्या, अशी सूचना होती. मी पाच फ्लॉप्या घेऊन बसलो. बायोडेटा, दोन-तीन प्रोग्राम, एक अर्ज. सगळं एकाच फ्लॉपीत मावलं. उरलेल्या चार पुन्हा खोक्यात ठेवताना उगाचच ओशाळलो.

शनिवारी दिवसभर खपून लिनक्स बसवलं. रविवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर काळ्या पडद्यावर एल आणि आय ही दोन अक्षरं उमटली आणि सगळं तिथेच थांबलं. लिनक्स नाही, विंडोजही नाही.

तळमजल्यावर घरमालक राहत. निवृत्त शिक्षक. मी फोनसाठी विचारलं तेव्हा म्हणाले, "करा. पण उभं राहून करा. बसलं की बोलणं वाढतं."

पलीकडून एका माणसाचा शांत आवाज आला. मी घाईघाईत म्हणालो, "सर, स्क्रीन काळी होऊन राहिली. फक्त एल आणि आय येते."

बोलून गेलो आणि हसण्याची वाट पाहिली. तो हसला नाही.

"एल आणि आय. त्यापुढे काही नाही? बरं. आपण बूट फ्लॉपी केली होती का?"

"हो. पण कॉम्प्युटर वर आहे, दुसऱ्या मजल्यावर."

"शाबास. ती घालून चालू करा. काय दिसतं ते बघून पुन्हा फोन करा. मी इथेच आहे."

मी दोन जिने चढून गेलो, बघून आलो, फोन केला. त्याने एका फाइलमध्ये एक शब्द वाढवायला सांगितला. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला घरमालक पेपरातून मान वर न करता म्हणाले, "व्यायाम चांगला आहे." चौथ्या खेपेला मी धापा टाकत सांगितलं, "सर, सुरू झालं!"

"अरे वा!" तो म्हणाला, आणि त्याला खरंच आनंद झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी माउस चालेना. त्याच्या पुढच्या रविवारी पडद्यावरची अक्षरं फाटकी दिसायला लागली. प्रत्येक वेळी तो सांगायचा, मी जिने चढायचो. आठवडाभरात ज्याच्याशी मी एवढं बोलायचो असं दुसरं माणूस नव्हतं. तो "बघून या, मी आहे" म्हणायचा, ते वर जाईपर्यंत कानात असायचं.

मग एका रविवारी सगळंच नीट चाललं. मी स्क्रीनसमोर बसून काही बिघडतंय का बघत राहिलो. काहीच बिघडेना. शेवटी खाली गेलो आणि फोन केला.

"सर, आवाज येत नाही. गाणी वाजत नाहीत."

"एक कमांड सांगतो. ती देऊन काय उत्तर येतं ते बघा." त्याने सांगितली.

"काहीच येत नाही, सर," मी तिथेच उभ्या उभ्या म्हणालो.



"कॉम्प्युटर दुसऱ्या मजल्यावर आहे ना तुमचा?"

घरमालकांच्या पेपराचं पान उलटल्याचा आवाज तेवढा आला.

"शनिवारी दुपारी आम्ही सगळे भेटतो," तो म्हणाला. आवाजात जराही चेष्टा नव्हती. "आपण या. काही अडलेलं नसलं तरी या." त्याने पत्ताही सांगितला. मी "हो सर" म्हणून फोन ठेवला. कान तापले होते. त्या शनिवारी गेलो नाही. फोनही पुन्हा केला नाही.

दीड-दोन महिन्यांनी गेलो. एका कॉलेजच्या वर्गात वीसेक जण जमले होते. मागच्या बाकावर बसलो. पुढे एक चष्मेवाला, टक्कल पडू लागलेला माणूस कोणाला तरी समजावत होता, "बघून घ्या, मी आहे इथे." मी त्याचं ते वाक्य कितीदा ऐकलं होतं, पण चेहरा अगदीच अनोळखी होता. तो सीड्या वाटत माझ्यापर्यंत आला.

"आपण नवीन का?"

जिने, फ्लॉपी, ती दोन अक्षरं, सगळं सांगायचं होतं. पण एक वाक्य जरी बोललो असतो, तर त्याने मला बोलण्यावरून ओळखलं असतं, त्या खोटेपणासकट.

"हो," मी म्हणालो.

"या, या. पुढे बसा," असं म्हणून त्याने माझ्या हातात सीडी दिली आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. मी पुढे जाऊन बसलो नाही. सभा संपायच्या आधीच उठून बसस्टॉपवर आलो.