राघोला दोनदा जाळलं

१९९२ साली मी गाव सोडलं तेव्हा बाबा एसटीत चढून माझ्या सीटपर्यंत आले. बॅग वर ठेवली, खिडकी नीट लागते का ते पाहिलं आणि म्हणाले, "राघोकाकासारखं करू नको." मग गाडी सुटायच्या आत उतरून गेले.

राघो म्हणजे माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. देवगडकडचा, गलबतं बांधणारा सुतार. अरबांच्या गलबतावर चढून शारजाकडच्या खोर फक्कान बंदरात गेला आणि बायकोला टाकून तिकडेच राहिला, एवढंच आम्हाला माहीत. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून जाळला आणि त्याच्या बायकोचं कुंकू पुसलं. आमच्याकडे ताटावरून रुसून उठणाऱ्या पोरालाही 'राघो' म्हणत.

मी शारजात एका हार्डवेअरच्या दुकानात सेल्समन म्हणून लागलो. पुढे स्वतःचं दुकान टाकलं, तेही भांडून. बिजागऱ्यांच्या पेटीमागे अर्धा दिरहम सोडायचा तरी माझा आवाज चढतो. शेवटी समोरचाच "खलास, हबीबी" म्हणतो.

नोकरीत होतो तेव्हाच बाबा गेले. दादाने मला फोन केला तो तेरावं उरकल्यावर. "आधी कळवून काय होणार होतं? तुझा पासपोर्ट मालकाकडे."

पासपोर्ट मालकाकडेच होता. पण रडायला पासपोर्ट लागत नाही, हे मी दादाला ओरडून सांगितलं.

"ओरडू नको," तो म्हणाला. "तू आमचा दुसरा राघो." त्याच फोनवर मी घराच्या वरच्या दोन खोल्या माझ्या म्हणून मागितल्या. येशील तेव्हा बघू, म्हणाला. पुढे कितीही वेळा विचारलं तरी उत्तर तेच.

तेव्हा मी ठरवलं, राघो पळून गेला नव्हता हे सिद्ध करायचं. ते झालं की दादाचं तोंड बंद. खोर फक्कानला माल पोचवायला गेलो की बंदरावरच्या म्हाताऱ्यांना विचारत फिरायचो. माझी बायको मंगल म्हणायची, "जिवंत भावाशी बोला की. मेलेल्याला कशाला शोधताय?"

२००१ साली एक म्हातारा नाखुदा भेटला. नाखुदा म्हणजे गलबताचा कप्तान. त्याचा बापही नाखुदाच. मुंबईच्या फेऱ्यांत शिकलेलं हिंदी तो झोकात बोलायचा.

"राघू? बहुत झगडालू आदमी. लकडी में एक गाँठ दिखी तो मेरे बाप का गला पकड़ता था. तू कौन उसका?"

"उसके छोटे भाई का पोता."

त्याने हातातला अरबी कॉफीचा पेला खाली ठेवला. "वो भाई, जिसने वापस भेजा?"

मग त्याने सांगितलं ते असं. राघो त्याच्या बापाच्या गलबतातून गावी आला होता. बायकोसाठी बांगड्या घेऊन. माझे आजोबा त्याला खाडीच्या धक्क्यावरच भेटले. म्हणाले, तुझं सगळं करून झालं. वहिनी विधवा आहे. आता तू वर आलास तर लोकांना काय सांगू? राघो त्याच गलबतातून परतला. नंतर वीसेक वर्षं खोर फक्कानात गलबतं बांधली. गेला तेव्हा बंदरात कच्छी खलाशी होते, त्यांनी त्याच्याच कारखान्यातल्या लाकडांवर त्याला अग्नी दिला.

परत येताना डोंगरातल्या रस्त्यावर मी गाडी थांबवली. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बराच वेळ एसी चालू ठेवून नुसता बसलो. इतकी वर्षं मी ज्या आजोबांचा वारस म्हणून खोल्यांसाठी भांडत होतो, त्यांनीच राघोला धक्क्यावरून परत पाठवलं होतं.

शारजात अल मजाज भागातल्या आमच्या घरी पोचून दादाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"बाबांनी मला सांगितलं होतं," दादा म्हणाला. "आणि तुला सांगू नको म्हणाले. त्याला कळलं तर तो परत यायचाच नाही, म्हणाले."

मग थोड्या वेळाने, "वरच्या खोल्या घे तुझ्या. ये."

समोरचा कधी ढिला पडतो हे मला धंद्याने शिकवलंय. एरवीचा दिवस असता तर मी अंगणही मागितलं असतं. "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. शेजारी बसून सगळं ऐकणाऱ्या माझ्या मुलाने विचारलं, "बाबा, सो वी आर फ्रॉम द ब्रदर हू स्टेड?" मी हो म्हणालो. "बट वी डिडन्ट स्टे," तो म्हणाला आणि टीव्हीकडे वळला.

खोल्या घेतल्या. नको म्हणण्याइतका मी मोठा नाही. आम्ही मे महिन्यात जातो. वहिनी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि विचारते, "किती दिवस आहात?" प्रेमानेच विचारते. इकडे परतलो की पासपोर्टवरचा व्हिसाही तेच विचारतो. तुमच्यातले जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, त्यांना मी एवढंच सांगू शकतो: जिथे हा प्रश्न कोणी विचारत नाही, ते घर. माझ्याकडे दोन्ही गावांत छप्पर आहे. राघोकडे एकच होतं, खोर फक्कानातलं, पण तिथे त्याला 'किती दिवस आहात?' असं कोणी विचारलं नसावं.