देवाच्या दारात सांगितलेलं नाव

माझा धाकटा भाऊ तेलोन काशाच्या तुंबड्या घडवायचा. वैद्य लोक पाठीला लावून वाईट रक्त ओढतात ना, त्या. एपिदाव्रोसच्या बंदरातच दुकान, त्यामुळे जाता-येता सगळे वैद्य त्याच्याकडे टेकायचे. आणि आमच्या येड्याला खोड काय, तर वैद्य दिसला की शब्द विचारायचे. याला असं का म्हणता, त्याला तसं का म्हणता. अरे, गिऱ्हाईक आलंय, तुंबडी विक नि मोकळा हो! पण नाही.

संध्याकाळी घरी प्रवचन. "आक्का, तुंबडीला वैद्य भोपळाच म्हणतात, आधी सुका भोपळाच वापरायचे ना! गळ्याखालचं आडवं हाड म्हणजे किल्ली. मांडीचं हाड बसतं ती वाटी. पाठीचा मणका म्हणजे चातीची चकती, आणि हातातलं हाड म्हणजे धोटा."

त्याची बायको फिलिन्ना मागावरूनच टोला द्यायची. "ऐकलंत वन्सं? माझी चाती नेली, माझा धोटा नेला. या वैद्यांच्या घरी स्वतःचं काही आहे की नाही? उद्या चूल उचलतील."

"चुलीचं अजून विचारलं नाही," तेलोन गंभीरपणे म्हणायचा, आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. मूलबाळ नव्हतं त्यांना. मी नवरा गेल्यावर शेजारीच राहायला आले होते, आणि खरं सांगते, त्या घराच्या जिवावर जगत होते.

मग फिलिन्नाच्या छातीत गाठ आली. आधी मला दाखवली. मी म्हटलं, जाईल गं. गेली नाही. वरची कातडी ओढली गेली, शिरा निळ्या पडल्या. तेलोननं आपल्या जुन्या गिऱ्हाईकाला, वैद्य फेदीमोसला बोलावलं. त्यानं हळूच चाचपलं, हात धुतले आणि आम्हा दोघांना अंगणात नेलं.

"कार्किनोस," तो म्हणाला. "खेकडा."

आणि मेल्या माझ्या भावानं विचारलं काय? "खेकडा का म्हणतात?"

मला असा संताप आला! फेदीमोसनं मात्र शांतपणे सांगितलं: मधे टणक पाठ आणि चहूबाजूंनी पसरलेल्या शिरा म्हणजे पाय, म्हणून. मग म्हणाला, "असल्या गाठीला आम्ही हात लावत नाही. कापलं की बाई लवकर जाते. नाही कापलं तर थोडी जगते." वैद्यांची रीतच ती. रोगानं जिंकलेल्या माणसावर ते उपचार करत नाहीत. तेलोन त्याच्यामागे पार रस्त्यापर्यंत गेला, पण फेदीमोस थांबला नाही.

उरला देव. अस्क्लेपिओसच्या देवळात आजारी माणूस झोपतो, देव स्वप्नात येतो, बरं करतो. आमच्या गल्लीतला लंगडा तिथून चालत आला होता. फिलिन्नानं स्वतः मधाच्या पोळ्या केल्या, नवी शाल काढली, आणि गाडीत बसताना लग्नाला निघाल्यासारखी हसली. तिला जगायचं होतं हो.

आता नियम सगळ्यांना ठाऊक. देवाच्या आवारात कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही. दिवस भरलेली बाई आणि जाणारं माणूस यांना आत घेत नाहीत. पण फिलिन्ना आपल्या पायांनी चालत होती, मला चिडवत होती. तिला जाणाऱ्यांत कोण धरणार?

दारातल्या सेवेकऱ्यानं विचारलं, "काय होतंय बाई?"

परका पुरुष, म्हणून तिनं शाल पुढे ओढली. "छातीत दुखतं."

"बरं. आधी आंघोळ, मग..." त्यानं हात करून वाट दाखवलीसुद्धा. आणि तेलोन पुढे झाला. त्याला वाटलं, देवाला नीट कळायला हवं, अर्धवट कळून कसं चालेल?

"कार्किनोस आहे," तो म्हणाला. आणि वर, "खुद्द वैद्य फेदीमोसनं पाहिलंय."

सेवेकऱ्याचा हात खाली आला. "मग त्यांनी औषध काय दिलं?"

देवाच्या दारात खोटं कसं बोलणार? तेलोनची मान खाली गेली. "हात लावत नाही म्हणाले."

"परत न्या यांना."

"नाही, नाही! गाठ आहे हो नुसती! मी अडाणी माणूस, तुंबड्या ठोकतो, मला काय कळतंय?"

"दादा, मला कळलं ते कळलं," सेवेकरी म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते, पण बाजूला झाला नाही. तेलोननं त्याचे पाय धरले. मी शिव्या घातल्या, देवालाही घातल्या. बरे होण्याजोग्यांनाच आत घेतो तर मग देव कशाला हवा? वैद्य काय वाईट होते?

फिलिन्नानंच नवऱ्याला दंडाला धरून उठवलं. "चला हो."

परतीच्या वाटेवर तिनं शाल नीट केली. मग म्हणाली, "अहो, माझ्यासाठी एकदा खोटं बोला. म्हणा, तू बरी होशील."

तेलोनच्या हातात लगाम होता. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. शब्द फुटेना.

मला बघवेना. मीच म्हटलं, "होशील गं बरी."

"तुम्ही नाही वन्सं," ती म्हणाली. "त्यांना म्हणू द्या." आणि घर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.