बनुआत्यांना समुद्र दाखवायला नेलं

कोकणात समुद्र बघायला जाताना माणसं काय नेतात? टॉवेल, टोप्या, फार तर डबाभर चिवडा. आमच्या घरच्यांनी बाजरीच्या पिठाचं पोतं नेलं. शेगडी, सिलिंडर, तवा, परात नेली, आणि भाकरी थापायला बनुआत्यांना नेलं. दिवाळी होऊन गेली, तरी माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

बनुआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि त्या पारनेरला माहेरी आल्या, त्या कायमच्याच. भावाची पोरं वाढवली, कांदा लावला, कांदा काढला, आणि दोन्ही वेळच्या भाकरी केल्या. मोठं पाणी त्यांनी पाहिलं ते एकदाच, भंडारदऱ्याचं धरण, तेही लग्नाच्या गाडीतून. पण बाई मोठी गमतीची. म्हशीला शिव्या घालतील त्याही ओव्या म्हटल्यासारख्या.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नवऱ्यानं, कल्याणनं, गाडी ठरवली. "चल आत्या, तुला समुद्र दाखवतो," म्हणाला. बाईंना कोण आनंद! शेजारच्या मलिकाभाभींना तीनतीनदा सांगून आल्या, "लई मोठा आसतो म्हनं. पलीकडचा काठच दिसत न्हाई!"

दापोलीकडच्या एका गावात नारळाच्या वाडीत आम्ही उतरलो. उकाडा असा की अंगाला कपडे चिकटावेत, पण वाडीपलीकडून गाज ऐकू येत होती आणि पोरं थांबायला तयार नव्हती. दिवाळीत अंगणात किल्ला करणारी पोरं ती, वाळूत बुरूज काय बांधले, खंदक काय खणले! घोडागाडीत बसली, शिंपले वेचले. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, पायजमा गुडघ्यावर ओढून लाटेत बसले ते उठेचनात. इतके हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि बनुआत्या? वाडीमागच्या पडवीत, शेगडीसमोर.

घरमालकीण बिचारी म्हणाली, "अहो, जेवण आम्ही देतो की! मासे नकोत तर डाळ, भाजी, भात करते."

"भातानं आमचं पोट भरत न्हाई बाई," नाना म्हणाले. झालं! मी म्हटलं, मी भाकरी करते, आत्यांना जाऊ द्या.

"तुझ्या भाकरीला चिरा पडत्यात," नाना म्हणाले. "अन् समुद्र काय पळून चाललाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सगळे बोटीतून डॉल्फिन बघायला निघाले. बोटीत खायला भाकरी हवीच. ती आत्यांनी बांधून दिली, आणि मग कल्याणला आठवलं की आत्याला बोट लागेल. आत्यांना विचारलं कुणी? कुणीच नाही. संध्याकाळी आम्ही परतलो तशा त्या माझ्या लेकीला, सृष्टीला, विचारू लागल्या, "कसा हाय गं समुद्र?" पोरीनं मोबाईल पुढे धरला. आत्यांनी पिठाचं बोट लावलं, तसा फोटो सरकला आणि नानांचा उघडाबंब फोटो आला. पोरं खो खो हसली. आत्याही हसल्या. "बरा हाय की," म्हणाल्या आणि रात्रीच्या भाकरीला बसल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समुद्राच्या हाकेवर बसून मोबाईलमध्ये समुद्र बघायचा?

तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. बॅगा गाडीत गेल्या. आत्या वाटेतल्या जेवणाच्या भाकरी थापत होत्या.

"बने, उरक," नाना ओरडले. "उनाच्या आत घाट चढायचाय."

मी म्हटलं, "नाना, आत्यांनी अजून समुद्र पाहिला नाही."

"गाडीतनं दिसंल की. रस्ता कडंनंच जातो."

मी उठले आणि शेगडी बंद केली. "राहिलेल्या भाकरी तुम्ही थापा," मी म्हणाले. सासऱ्यांशी असं बोलायची आमच्याकडे रीत नाही.

कल्याण धावत आला. "ज्योती, लोक बघतायत!"

"बघू देत! भाकरी चावायला दात आहेत, थापायला हात नाहीत? बाईला काय सांगून आणलंत? लाज नाही वाटत?"

आत्याच घाबरल्या. "आगं ऱ्हाऊ दे. दादा रागवंल."

"रागावू देत," मी म्हणाले आणि त्यांचा पिठाचा हात धरून चालू लागले.

वाडी संपली तशा त्या थबकल्या. चपला काढून कडेला नीट ठेवल्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. मग वाळूतून सावकाश पुढे गेल्या. पहिली लाट पायावर आली तेव्हा "अगं बाई!" म्हणून माझा दंड धरला, दुसरीला सोडला. वाकून त्यांनी हात पाण्यात घातले, बोटांवरचं पीठ सुटून गेलं.

"काय वाटतंय, आत्या?"

"एवढा मोठा हाय गं," त्या म्हणाल्या. "अन् मला कायच मागंना."

मला रडू आवरेना. मागे रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला, लांबलचक. मी वळून बघितलं. आत्यांनी नाही बघितलं.

"वाजवू दे," त्या म्हणाल्या, आणि लुगडं वर खोचून आणखी आत गेल्या.