दारावर लावलेली यादी

ग्रंथालयाच्या तळमजल्यावरचा जुन्या नियतकालिकांचा हॉल रिकामा करायला मला अकरा दिवस लागले. बांधीव अंक वरच्या मजल्यावर, मोडकी कपाटं भंगारात, वाळवी लागलेले गठ्ठे वेगळे. प्रत्येक कामापुढे वहीत बरोबरची खूण. नांदेडला विद्यापीठात उपग्रंथपाल होऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण खोली आखायचं काम पहिल्यांदाच हाती आलं होतं. मुलांनी नुसतं ऐकत न बसता एकमेकांशी बोलत, फळ्यावर लिहीत शिकावं, असा वर्ग ग्रंथालयात हवा होता.

तो कसा असावा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होते. औसा तालुक्यात आमचं गाव. शाळा पडली, आणि पुढचं दीड वर्ष आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शिकलो. बाकं नव्हती. भिंतीच्या जवळ बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मधोमध गोल करून बसायचो आणि सरही त्याच गोलात पोतं टाकून बसायचे. कुणाचे आईवडील गेले होते, कुणाची भावंडं. सर एकेकाला बोलतं करायचे. त्या शेडमध्ये मी जेवढं बोलले, तेवढं पुढे कुठल्याच वर्गात बोलले नाही. याद्यांची सवयही तिथलीच. ब्लँकेटच्या यादीत नाव नसलं की ब्लँकेट मिळत नसे. माझं अक्षर बरं, म्हणून याद्या मीच लिहायचे.

तर हॉलमध्ये सहा गोल टेबलं घेतली, चाकांच्या खुर्च्या घेतल्या, चारही भिंतींना पांढरे फळे लावले. शिक्षकासाठी चौथरा ठेवला नाही. उंच कपाट एकही नाही. दारं दोन होती, तिसरं मी भांडून नवं करून घेतलं. कंत्राटदार म्हणाला, मॅडम, वर्ग बांधताय का बसस्टँड? मी त्याला फक्त मोजमाप घ्यायला सांगितलं.

सामान नोंदवहीत चढवताना टेबलांवर एक ते सहा आकडे रंगवून घेतले. प्रत्येक वस्तूला नंबर हा आमचा नियमच आहे. मग पहिल्या वर्षाच्या छत्तीस मुलांची यादी विभागातून मागवली, सहा-सहाचे गट पाडले आणि वर्ग सुरू व्हायच्या दिवशी कागद दारावर चिकटवला. सगळं वेळेत झालं होतं.

महिनाभर मी मागच्या खुर्चीवर बसून टिपणं काढली. एक नंबरचं टेबल भरपूर बोलत होतं, दोन नंबरचंही. प्राध्यापक एकपासून सुरुवात करायचे आणि चौथ्या टेबलापर्यंत तास संपायचा. सहाव्या टेबलामागचा फळा कोराच राहायचा. मी वहीत लिहिलं, टेबल सहा गप्प, खडूऐवजी पेन द्यायचं राहिलंय का, बघणे. पेनं दिलेली होती.

त्या टेबलावर देगलूरची एक मुलगी होती. वडील शिंपी. दोन वर्षं लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला राहून, नंबर न लागल्यामुळे आमच्याकडे आलेली. अशी मुलं वर्गात निम्म्याहून जास्त होती. वडिलांनी तिला हे एक वर्ष दिलं होतं. जमलं तर पुढं शीक, नाहीतर घरी ये, मशीन आहेच. हे तिनेच मला पहिल्या आठवड्यात पुस्तक घेताना सांगितलं होतं, हसत.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती सकाळीच दोन पुस्तकं घेऊन माझ्या टेबलाशी आली. कॉलेज सोडत होती, पुस्तकं जमा केल्याचा दाखला पाहिजे होता. मी म्हटलं, अगं, अजून परीक्षाही झाली नाही. गट बदलून देते, पहिल्या टेबलावर बस.

"टेबल बदलून काय होतंय मॅडम," ती म्हणाली. "लातूरला बी, टेस्ट झाली की दारावर यादी लागायची. मार्कांनी बॅच पाडायचे. मी शेवटच्या बॅचला. इथं आले, तर दारावर यादी. मी सहावर."

मी म्हटलं, ते गट मी मार्कांनी पाडलेच नाहीत.

"पाडलेत मॅडम. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एकमेकांचे मार्क विचारून बघितले."

तिला दुपारी चारला यायला सांगितलं आणि विभागातून आलेला कागद काढला. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, प्रवेशाची गुणवत्ता यादी. मी ती वरून खाली सहा-सहाने कापली होती. मुलांची नावं तपासली होती, मोबाईल नंबर तपासले होते. कागदाचं शीर्षक वाचलं नव्हतं. प्राध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, मला वाटलं तुम्ही मुद्दामच केलंय, सोयीचं पडतं.

दुपारी हॉल रिकामा होता. मी ब्लेड आणि थोडं रॉकेल घेऊन सहाही टेबलांवरचे आकडे खरवडून काढले. जेवायला गेले नाही.

चारला ती आली तेव्हा वडील बरोबर होते. बाहेर रिक्षात तिची ट्रंक ठेवलेली. मी त्यांना सांगून बघितलं, चूक माझी आहे, पोरगी हुशार आहे, एवढं वर्ष राहू द्या. ते म्हणाले, मी कुठं नेतोय मॅडम, तीच चला म्हणते. तिच्याकडं बघितलं. ती दाखल्याकडं बघत होती. मी सही केली.

जाताना ते म्हणाले, पोरगी सांगत होती, तुम्ही हॉल लई भारी बनवलाय, बघू द्याल का? मी घेऊन गेले. त्यांनी खुर्चीच्या कापडाला हात लावून शिवण तपासली, चांगलं काम आहे म्हणाले. मग विचारलं, ही कुठं बसायची?

दाराजवळचं टेबल मी दाखवलं. ते खुर्चीत बसले. चाकं सरकली तशी त्यांनी टेबलाची कड धरली. पृष्ठभागावर पांढुरका ओरखडा होता, रॉकेलचा वास अजून गेला नव्हता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं.

"इथं काही लिहिलेलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "इथं टेबलांना नंबर नसतात."

मुलगी दारात उभी होती. तिने हे ऐकलं. "चला अब्बा," एवढंच म्हणाली आणि त्यांच्या आधी बाहेर पडली.