वयनींनी तांब्या परत आणला

मंडळी, आज रेसिपी नाही.

पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या सुलूवयनी धावत आल्या. त्यांच्या यजमानांच्या छातीत जळजळत होतं. मी नेहमीसारखं जिरं-मीठ घालून तांब्याभर आमसुलाचं पाणी दिलं. पित्त म्हटलं की आम्ही इथे सगळे हेच करतो. घाम फुटलाय का, हात दुखतोय का, मी विचारलंच नाही. दोन तासांत ते गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

आज सकाळी वयनी तांब्या परत द्यायला आल्या. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तांब्यात आमसुलं भरलेली होती, यजमानांनी मे महिन्यात स्वतः वाळवलेली.

"वयनी, ह्या कित्याक?" हे कशाला, म्हणून मी विचारलं.

"रिकामो कसो देवचो? शेवटी तुझ्या हातच्या पाण्यान ह्येंका बरा वाटला गो."

बरं वाटलं, म्हणूनच तर ते दवाखान्यात गेले नाहीत. हे मला कळतंय. वयनींना कळलंय का, माहीत नाही.

तांब्या ओट्यावर तसाच आहे. तुम्हीच सांगा, हे त्यांच्यापाशी बोलू, की गप्प राहून ती आमसुलं भिजत घालू?