स्वारांच्या माना

“एकही मान वाकडी नाही. या वयात भाऊचा हात पाह्य तू,” बाबा आईला सांगत होते.

मी कारखान्याच्या दाराबाहेर चपला काढत होते. कारखाना म्हणजे आमच्या घरामागची टिनाची लांब खोली. बाबांच्या हातात एक पितळी स्वार होता, अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा, राखाडी रंग मारलेला. ते तो उजेडाकडे धरून फिरवत होते. भाऊ म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा. ते तिथंच खाटेवर सुपारी कातरत बसले होते आणि काही ऐकलं नाही असं दाखवत होते, पण अडकित्ता थांबला होता.

त्या स्वाराची मान मी बसवली होती. डब्यातल्या सोळाही स्वारांच्या माना मीच बसवल्या होत्या आणि घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी चपला पुन्हा पायात घातल्या आणि स्वयंपाकघराकडे वळले.

आम्ही अमडापूरचे ओतारी. आजोबांपर्यंत घरात समया, घंटा आणि देवघरातले टाक होत असत. मोठ्या बाबांचा हात टाकांवर बसलेला. नवरात्रात ते लोणारला पाल टाकून बसायचे आणि परतताना पेटी रिकामी असायची. पुढे लोक शहरातून तयार टाक आणू लागले. बाबांनी एका नकली दागिने करणाऱ्याकडून जुनं कास्टिंग मशीन आणलं. त्यात रबराचा गोल साचा बसवून तो गरगर फिरवतात आणि मधोमध पातळ कथील ओततात. फिरण्याच्या जोरानं कथील साच्याच्या कानाकोपऱ्यात जातं. बाबा त्यावर कानातले आणि किचेन करायचे.

चार वर्षांपूर्वी पुण्याचे एक गृहस्थ समई दुरुस्तीला घेऊन आले आणि मोठ्या बाबांनी माझ्यासाठी दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला केलेला पितळी मावळा बघत बसले. त्यांना असे दोनशे हवे होते. मोठी माणसं टेबलावर नकाशा मांडून जुन्या लढाया खेळतात आणि त्याला असे शिपाई लागतात, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. आईचा विश्वास बसला नाही. “यायच्या बायका काही म्हणत नाहीत काय?” असं तिनं त्यांच्यासमोरच विचारलं होतं.

तेव्हापासून आम्ही मराठा पायदळ करतो. मोठे बाबा पितळेत मूळ नमुना घडवतात, त्याला आम्ही मास्टर म्हणतो. बाबा साचा करतात, ओततात. आता परदेशातूनही मागणी येते. त्या मेल मी वाचते, कारण रोज स्कूल व्हॅननं चिखलीला जाऊन इंग्रजी शाळेत शिकलेली घरात मी एकटी. शाळेत कुणी विचारलं तर मी वडिलांचा बिझनेस आहे असं सांगायचे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायचे. ती सवय अजून गेलेली नाही. मी उत्तर देते ते बहुतेक वेळा प्रश्न संपावा म्हणून. आई म्हणते, हिच्या तोंडातून शब्द काढायचा तर भट्टीवरची सांडशी लागते.

यंदा घोडदळ करायचं ठरलं. आखणी माझ्याकडे आली. मला ते काम मनापासून आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. एका रबरी चकतीत आठ स्वार बसतात, घोडे मात्र चारच. समोरासमोर सारख्या वजनाचे तुकडे नसले तर मशीन थरथरतं आणि एका बाजूची भाल्याची टोकं अर्धी राहतात. मी कंपासनं कागदावर वर्तुळं काढली, मास्टर ठेवून पेन्सिलनं कड आखली, ओतायच्या वाटा कुठून जातील ते ठरवलं. बारगिरांचे घोडे सरकारी, म्हणून त्यांचं खोगीर एकसारखं चालेल. शिलेदार आपापला घोडा घेऊन येणारे, त्यांचा साज वेगवेगळा हवा. म्हणून बारगिरांना घोड्यांची एक चकती, शिलेदारांना दुसरी, आणि स्वारांच्या दोन. चार साचे. मोठ्या बाबांनी कागद डोळ्याजवळ नेऊन पाहिला, मग लांब धरून पाहिला आणि म्हणाले की पोरीनं मांडणी देवघरासारखी केली आहे, कुणाची पाठ कुणाकडं नाही.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. उजवा डोळा चांगला आला, डाव्याचं काही जमलं नाही. त्यानंतर सात-आठ महिने ते अंगणात नुसते बसून होते. कुणी आलं की खुर्ची सरकवून द्यायची, कुणी गेलं की परत ओढून घ्यायची, एवढंच. घोडदळाचं ठरल्यावर एक दिवस ते आपणहून कारखान्यात आले, कानशी मागितल्या आणि कामाला बसले. आई त्या दिवशी चुलीपाशी तोंड फिरवून उभी होती. त्यांना पुन्हा काम करताना बघणं घरात सगळ्यांना हवं होतं, म्हणून त्यांच्या कामाबद्दल कुणी काही बोलत नसे.

आणि त्याच आठवड्यात एक मेल आली. परदेशातले एक म्हातारे गृहस्थ आमचे नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांनी कपड्यांच्या चुण्यांचं, ढालींचं कौतुक केलं होतं. मग लिहिलं होतं, तुमचे सगळे शिपाई माझ्याकडेच का बघतात? शत्रू तर समोर आहे. घोडेस्वार करणार असाल तर त्यांनी घोडा जातो तिकडे बघावं, एवढी विनंती.

मी कपाटातून पायदळाचा एक पुडा काढून टेबलावर मांडला. खरंच, सगळे मान वर करून, किंचित वळवून, मांडणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं मला ते दिसलं नव्हतं, कारण आमच्या घरातली प्रत्येक मूर्ती तशीच बघते. टाकावरच्या खंडोबाचा घोडा बाजूनं असतो, पण देवाचा चेहरा समोर असतो. देवानं पूजा करणाऱ्याकडे बघायचं असतं. मोठ्या बाबांनी साठ वर्षं चेहरे तसेच केले होते. हात दुसरं काही करेल कसा?

बाबांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, ढाली आवडल्या म्हणे.

नवे स्वार तयार झाले तेव्हा सोळाही जण तसेच निघाले. घोडा पुढे, चेहरा आपल्याकडे. बारगिराच्या एका चेहऱ्यावर तर अगदी देवाचं शांत हसू होतं. मी ते मास्टर आठवडाभर नुसते बघत होते. त्यांना सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय? तुमच्या माना चुकल्या, परत करा? त्यांनी कानशी पुसून कापडात गुंडाळल्या असत्या आणि अंगणातल्या खुर्चीवर जाऊन बसले असते. मला त्या खुर्चीची भीती वाटत होती.

म्हणून दुपारी, ते झोपले आणि बाबा चिखलीला गेले की, मी एकेक स्वार चिमट्यात धरून बारीक करवतीनं मान कापू लागले. मुंडकं वळवायचं, आत तारेची खुंटी घालायची आणि सांधा मळून लावायच्या पुटीनं भरायचा. धातू वितळवून डाख लावायला मला जमत नाही, शिवाय त्याचा वास घरभर जातो. पाच चेहरे करवतीत बिघडले. ते मी पुटीतच नव्यानं घडवले, टाचणीनं डोळे काढले, मिशा काढल्या. शेवटी सगळ्यांवर राखाडी रंग मारला, साच्याआधी खोट दिसावी म्हणून मारतात तसा. मी मारला तो खोट झाकायला.

आमच्यात जोड लावलेली वस्तू देत नाहीत. मी लहान असताना मोठ्या बाबांनी देवीचा एक मुखवटा केला होता आणि कानामागे केसाएवढी चीर राहिली होती. न्यायला आलेल्या माणसाला ती दाखवूनही दिसेना. तो म्हणाला, द्या तसाच. मोठे बाबा मुखवटा आत घेऊन गेले आणि परत मुशीत वितळवला. त्यांच्याच स्वारांना मी सोळा जोड लावले होते.

एवढं मला ठाऊक होतं की पुटी साच्याच्या प्रेसमध्ये टिकत नाही. भाकरीएवढ्या दोन कच्च्या रबरी चकत्यांमध्ये मास्टर ठेवून लोखंडी चौकटीत दाबतात आणि दीड-दोन तास तापवतात, तेव्हा रबर पक्कं होऊन ठसा धरतं. पितळेला त्याचं काही नाही. पुटी मात्र करपून भुगा होते, तुकडे रबरात अडकतात आणि साचा आणि मास्टर दोन्ही जातात. त्यावर माझा उपाय ठरलेला होता. थंडपणी जमणारं सिलिकॉन मागवायचं, त्याच्यात गुपचूप कथलाच्या प्रती काढायच्या आणि रंगवून त्या मास्टरांच्या जागी डब्यात ठेवून द्यायच्या; प्रेसच्या उष्णतेत कथील वितळत नाही. प्रेस पुढच्या रविवारी लागणार होता. कुरियर शुक्रवारी येणार होतं.

गुरुवारी गावात लाईनचं वेळापत्रक बदललं. आता थ्री फेज सकाळची मिळणार होती, ती शनिवारपर्यंतच, मग पुन्हा रात्रीची. बाबांनी लगेच ठरवलं, उद्याच दाबू. मी म्हटलं, सोमवारी केलं तर? बाबा हसले. “तुह्या इंग्रजी पंचांगात सोमवार निंगाला काय?” शुक्रवारी सकाळी मी चिखलीच्या कुरियरवाल्याला तीन वेळा फोन केला. गाडी बुलडाण्याहून निघालीच नव्हती.

नवा साचा लागतो त्या दिवशी आमच्याकडे प्रेसला हळदकुंकू वाहतात आणि ज्यानं मास्टर घडवला त्यानं आपल्या हातानं ते रबरात मांडायचे असतात. दुसरं कुणी हात लावत नाही. मोठे बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. आईनं ताट ठेवलं. बाबांनी प्रेस तापायला लावला. भिंतीला चिकटवलेला माझा वर्तुळाचा कागद काढून मी हातात घ्यायचा आणि कोणता स्वार कुठं ते सांगायचं, एवढंच माझं काम.

पहिला शिलेदार मी सांगितलेल्या जागी गेला. कच्च्या रबराला मळलेल्या कणकेचा मऊपणा असतो. मोठे बाबा स्वार आडवा ठेवायचे आणि अंगठ्यानं सावकाश अर्धा आत दाबायचे, बाळाला झोपवताना दाबतात तसं. दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी दाबण्याआधी ते तो चांगल्या डोळ्याजवळ नेत होते. चौथ्याला त्यांना वेळ लागला. त्यांनी चेहऱ्यावरून नख फिरवलं, मग घोड्यावर बसलेला असल्यासारखा उभा धरून तो कुठं बघतो ते पाहिलं.

“हा तं लय दूर पाहून राह्यला,” ते हळूच म्हणाले. बाबा म्हणाले, तुमच्याच हातचा आहे ना भाऊ. मोठ्या बाबांनी तोही दाबला.

त्यांना काय वाटलं असेल, हे मला अजून माहीत नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मनात हिशेब चालू होता, की दोन तासांनी चौकट उघडेल, रबर उकलेल आणि काळा भुगा निघेल. बाबांना वाटेल भाऊंच्या पितळेत काहीतरी खोट राहिली. ते तोंडावर बोलणार नाहीत, घरात कुणीच बोलणार नाही, आणि मोठे बाबा ती खोट आपली समजून घेऊन अंगणात जातील. मी इतके दिवस त्यांना ज्यापासून जपत होते तेच होणार होतं, फक्त आता त्यांची काही चूक नसताना.

आठही स्वार बसले. बाबांनी वरची चकती उचलली, चकत्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तिच्यावर पांढरी पावडर झटकली. प्रेसची गरम हवा अंगावर येत होती. आईनं मोठ्या बाबांच्या कपाळाला कुंकू लावायला ताट पुढे केलं. मी मधे आले आणि खालच्या चकतीवर दोन्ही हात आडवे धरले. कागद खाली पडला. बाबा काहीतरी ओरडणार होते, पण मोठ्या बाबांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. त्या घरात मला कुणी कधी इतका वेळ दिला नव्हता, किंवा मीच कधी घेतला नव्हता.

“मोठे बाबा, हे दाबू नका,” मी म्हटलं. “स्वार तुमचे हायेत, पण मुंडके माह्ये. मी तुमच्या माना कापल्या, तुम्हाले न विचारता. जोड पुटीचे हायेत, आत जळतीन.”